भाडेकरूंची वही

भंवरकुव्याच्या मागच्या गल्लीत
आमच्या वरच्या चार खोल्या.
वही ह्यांनी आखलेली,
पीडब्ल्यूडीतली फुटपट्टी, लाल शाई:
नाव, गाव, कशासाठी, कधीपासून.
'कशासाठी'चा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात मावतं तेवढंच लोक सांगतात.
कोचिंग. नोकरी. कोचिंग. इलाज. कोचिंग.

बाकीचं जिन्यावर कळतं,
चौथ्या-पाचव्या महिन्यात,
मोटर बंद करायला मी वर गेले की.
खरगोनचा हुकुम पाटीदार, वहीत 'पीएससी',
भावाच्या लग्नानंतर घरात
झोपायला कोपरा उरला नाही म्हणून आलेला.
सेंधव्याची नसरीन, वहीत 'नर्सिंग'.
तिला फक्त असं गाव हवं होतं
जिथे दुकानदार तिच्या वडिलांना ओळखत नाही.

परवा चष्मा पुसून वही सलग वाचली.
तीस वर्षं.
कुणी एकदम लांब उडत नाही.
आधी तहसील, मग खंडवा नाहीतर देवास,
मग आमचा जिना,
मग पुणं, आणि पुण्यानंतर
फोन उचलायचे बंद होतात.
एक परतला. तोही गावी नाही गेला,
खंडव्यालाच थांबला,
धाप लागलेला माणूस कठड्याला धरून थांबतो तसा.

तीन नंबरची खोली एकदाच दिली,
बलवाडीच्या जगदीशला.
पुढे बलवाडीच ती चालवते.
त्याचा भाऊ, मावसभाऊ, मावसभावाच्या वर्गातला,
त्या वर्गातल्याचा मेव्हणा.
किल्ली परत माझ्या हातात आलीच नाही.
कॅलेंडरचा खिळासुद्धा तोच.
मी नुसतं नाव खोडून नाव लिहिते.

आणि अंतराचं म्हणाल तर
किलोमीटर मला कळत नाहीत, डबा कळतो.
पहाटे आईनं कंडक्टरच्या हाती दिलेला डबा
न आंबता सरवटे स्टँडला उतरेल
इतक्याच लांबून बहुतेक येतात.
थंडीत हे वर्तुळ जरा पसरतं,
मे महिन्यात आक्रसतं.
त्यापलीकडचे, रीवा-सिधीचे,
सत्तू, पापड, असलं कोरडं घेऊन येतात.
त्यांना ते दिवाळीपर्यंत पुरवावं लागतं.

वहीत बायका कमी.
खरं तर अख्खी गल्ली बाहेरून आलेली आहे,
समोरची सून सिहोरची,
शेजारच्या दोघी जावा महूच्या,
कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या धारच्या.
पोलिसांच्या फॉर्मवर एकीचीही नोंद नाही.
आमच्या येण्याला येणं म्हणतच नाहीत.
मुलगी इंदूरला दिली, म्हणतात.

मीही बुऱ्हाणपूरहून, एकोणऐंशी साली, दिलेली.
आई दराबा पाठवायची, तो टिकतो म्हणून.
मांडे पाठवायची, टिकत नाहीत हे माहीत असून.
सिमरोळच्या घाटात ट्रक आडवा झाला
की फडकं सोडायच्या आतच कळायचं.
सासूबाई म्हणायच्या, गाईला घाला.

काल वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव घातलं.
गाव घातलं.
तिसऱ्या रकान्याशी पेन टेकवलं
तेवढ्यात वर टाकी वाहायला लागली, उठले.

जिन्यात अलीराजपूरची रेमली डावर बसलेली,
मांडीवर डबा.
कुक्षीजवळ बस बंद पडली होती,
सात तास उन्हात.
झाकण निघालं तेव्हा वास दोघींना आला.
म्हटलं, टाकून दे गं, खाली वरण-भात आहे.
ती काही बोलली नाही.
करपलेली पानं सोलून काढत
एकेक पानिया डाळीत बुडवून खात राहिली,
सगळे संपेपर्यंत.
मग डबा घासायला उठली.
सकाळच्या बसनं तो परत जायचा होता.